अनुभव किती?

लातूरच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत सात दुकानं पालथी घातली.
सगळीकडं एकच सवाल : अनुभव किती?
परवाना दाखवला, जड वाहनाचा, नवाकोरा.
एकानं तो उजेडात धरून पाहिला, नोट पाहतात तसा.
एकानं विचारलं, बाई, सोबत कोण आहे?
एक काही बोललाच नाही, फक्त चहा मागवला
आणि कप खाली ठेवेपर्यंत वाट पाहिली
माझ्या उठण्याची.

अनुभव म्हणलं तर
तीन वर्षं छोटा हत्ती चालवून पाण्याचे जार टाकले,
गंजगोलाईत रिव्हर्स घेतला बाजाराच्या गर्दीत,
मागून हॉर्न, पुढं केळ्याचा गाडा,
कडंला हसायला थांबलेली माणसं.
ते धरत नाहीत म्हणे.
सहा चाकांवर होतो तोच अनुभव,
आणि सहा चाकं द्यायला कुणी तयार नाही
अनुभव नसताना.
विहिरीत उतरल्याबिगर पोहणं येत नाही
अन् पोहणं आल्याबिगर उतरू देत नाहीत, तसली गत.

आठवं दुकान बिराजदारांचं.
त्यांचा एक ड्रायव्हर पोरीच्या लग्नात, दुसऱ्याला कावीळ,
आणि सोयाबीनची पेंड मिलच्या फाटकात भरून उभी.
नोकरी त्यांनी दिली नाही,
त्यांच्या अडचणीनं दिली.
"नांदेडपर्यंत खाजाभाई बसतील बाजूला.
नजर गेलीय त्यांची, पण कान शाबूत आहेत."

सीट पुढं सरकत नव्हती.
दांडा गंजून गेलेला,
आणि गादीत आधीच्या माणसाचा खड्डा,
माझ्या दुप्पट रुंदीचा.
पाठीमागं गोधडीची घडी लावली
तेव्हा कुठं क्लच पायाला लागला.

खाजाभाईंनी शिकवलं काहीच नाही.
डोळे मिटून ऐकत बसले.
चाकूरच्या पुढं, चढावर, एकदाच म्हणाले :
"ती दमल्यावानी करायली बघ."
मी गिअर उतरवला.
मग बराच वेळ आमच्यात इंजिनच बोलत राहिलं.

नऊ टन पाठीशी असले की
थांबायचं म्हणून थांबता येत नाही.
वळण दिसायच्या आधी ठरवावं लागतं.
मी आतापर्यंत फार उशिरा ठरवत आले,
हे तिथं कळलं,
पेंडीच्या उग्र वासात, चाळीसच्या स्पीडला.

शिरूर ताजबंदच्या धाब्यावर
बायकांची सोय विचारली तर
पोऱ्यानं तुरीच्या रानाकडं बोट केलं.
खाजाभाई रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले,
काठी आडवी धरून,
जणू त्यांच्यामागं काही नव्हतंच.

लोह्याच्या अलीकडं वजनकाटा.
कारकुनानं पावती खिडकीतून
त्यांच्या बाजूला सरकवली : ड्रायव्हर, सही करा.
"मला दिसत नाही," खाजाभाई म्हणाले.
तो पावती हातात धरून तसाच.
एकदा त्यांच्याकडं, एकदा स्टिअरिंगकडं.

मग मी घेतली.
चालकाचे नाव, पुढं छापलेलं : श्री.
त्यापुढं लिहिलं, महानंदा गायसमुद्रे.
परत मागं आले, श्रीच्या पायाशी 'मती' घुसवली.
जागा नव्हती. वेलांटी नावावर चढली.
चढू दिली.

नांदेडला हमाल कट्टे उतरवत होते
तेव्हा बिराजदारांचा फोन आला.
गाडी बरी आहे का?
बरी आहे.
टायर?
बरे आहेत.
माझं काही विचारलं नाही,
तेच बरं वाटलं.
"परवा परळीचा माल आहे," म्हणाले,
आणि ठेवायच्या बेतात होते.

मी म्हणलं, थांबा.
सीटचा दांडा बदलून घ्या.

पलीकडं बराच वेळ
पंख्याचा आवाज.